रुखवतातली माशीखाऊ झाडं

“अगं बाई, खाल्लीन! त्या झाडानं माशी खाल्लीन!”

गोदूआत्यांचा हा आवाज कार्यालयाच्या मुदपाकखान्यापासून मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांनी ऐकला. मी तो ऐकला गौरीहरापाशी बसून. अंगावर पिवळी अष्टपुत्री, हातात अक्षतांची वाटी, समोर अन्नपूर्णा. गौरीहरापाशी बसलेल्या मुलीनं उठायचं नसतं, बोलायचं नसतं आणि शक्यतो विचारही करायचा नसतो. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला तोवर बऱ्यापैकी जमत होत्या.

खोलीचं दार उघडं होतं आणि दारातून थेट रुखवताचं टेबल दिसत होतं. एका बाजूला चिरोट्यांची चळत, दुसऱ्या बाजूला बेसनाच्या लाडवांचा डोंगर आणि साखरेचं तुळशीवृंदावन. मधोमध, जिथे इतर मुलींच्या लग्नात आगपेटीच्या काड्यांचा बंगला असतो, तिथे मी वाळवलेली कीटकभक्षी झाडं. गोदूआत्या त्यांच्यासमोर पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

गोदूआत्या म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मिरजेच्या देशिंगकरांच्या घरात देवाला नवस बोलत, पण कौल गोदूआत्यांचा लागत असे.

ही झाडं रुखवतात आली कशी, ते आधी सांगायला हवं. आमचं गाव राजापूरकडचं. गावावर कातळाचा सडा आहे आणि पावसाळ्यात त्या सड्यावर दवबिंदू नावाचं वीतभर झाड उगवतं. त्याच्या पानांना लालसर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दव समजून माशी बसते आणि तिथेच राहते. कातळावर माती नाही, असलेल्या मातीत कस नाही, तेव्हा झाड मिळेल ते धरून पोट भरतं. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी कोल्हापूरला याच झाडांवर पीएच.डी.ला नाव घातलं होतं. अभ्यासासाठी झाड टीपकागदात दाबून वाळवतात. ते चपटं होतं आणि कपाटात जातं. मला मात्र ती सड्यावर दिसतात तशी उभी हवी होती. मग डब्यात चाळलेली बारीक वाळू घ्यायची, झाड उभं धरून भोवती ती चिमटीनं सोडत राहायची, डबा उन्हात ठेवायचा आणि झाड सुकलं की मोरपिसानं वाळू झटकत त्याला बाहेर काढायचं. बहुतेक झाडं त्या झटकण्यातच मोडत. एखादं टिकलं की ते जांभ्याच्या कपच्यावर बसवून वर काचेचं झाकण घालायचं. याला छंद म्हणतात, असं मला वाटत होतं. गावात दुसरा शब्द होता.

आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून शालूमावशी आमच्याकडे राहायला आली ती आलीच. ती बालवाडीत बाई होती. लग्न ठरलं आणि तिनं रुखवताचा विषय काढला.

“मावशी, मला ना विणता येत, ना भरता येत.”

“मग येतं काय?”

“झाडं वाळवता येतात.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. बालवाडीत पहिल्या दिवशी चड्डी ओली केलेल्या मुलाकडे ती तसंच बघत असावी.

“हे बघ केतू, रुखवत रिकामं राहिलं ना, तर लोक म्हणतील आईवेगळी पोर, कुणी काही केलं नाही हिचं. ते मी ऐकून घेणार नाही. जे येतंय ते मांडू.”

मग आम्ही झाडं पुसायला काढली. सीतेची आसवं हे सड्यावरचंच दुसरं कीटकभक्षी झाड, त्याची जांभळी फुलं चौकटीत बसवली. शिलाँगच्या बागेतून मैत्रिणीनं पाठवलेली, गळून पडलेली घटपर्णी होती, झाकण असलेल्या लोटीसारखी. आणि दवबिंदू. तो हातात घेऊन मावशी बराच वेळ बघत राहिली.

“थेंब कुठे गेले गं?”

“वाळल्यावर थेंब राहत नाहीत.”

“तुझ्या त्या फोटोत कसा हिऱ्यांसारखा चमकतो. हा तर चहाचा चोथा दिसतोय.”

“थेंब जिवंतपणी असतात, मावशी.”

“माणसाचंही तेच म्हणा,” असं म्हणून तिनं तो जपून खाली ठेवला.

खरी गोष्ट अशी, की हे रुखवत मी लोकांसाठी मांडत नव्हते. लग्नाच्या बैठकीत गोदूआत्या म्हणाल्या होत्या, “शिकलीय की चिक्कार. आता पुरे. मिरजेहून कोल्हापूरला हेलपाटे घालणारी सून आमच्यात झाली नाही कधी.” नवऱ्या मुलानं, मुकुंदनं, आपल्या आईकडे पाहिलं. मुकुंदला स्वतःचं मत होतं, फक्त ते आईकडे ठेवायला दिलेलं असे. पण झाडं दाखवल्यावर ‘ही माणसालाही खातात का’ असं न विचारता ‘यांना पाणी किती लागतं’ असं विचारणारा तो पहिलाच माणूस, म्हणून मी बैठकीपर्यंत पोचले होते. त्याच्या आईनं, इंदिराबाईंनी, चहाचा कप बशीत ठेवला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. ते काही न बोलणं मी लग्नापर्यंत उलटंपालटं करून पाहिलं. त्यात होकार सापडेना आणि नकारही सापडेना.

तेव्हा तोंडानं सांगायची हिंमत नव्हती ते मी टेबलावर मांडलं. मी येतेय ती ही झाडं घेऊन येतेय, कोल्हापूर घेऊन येतेय. आता ते टेबल माझ्या डोळ्यांसमोर माशा खात होतं.

खात होतं म्हणजे काय, तर दवबिंदूवर एक माशी खरंच अडकली होती. दोन पावसाळ्यांमागे मेलेल्या, उन्हात वाळवलेल्या झाडावर. ती सुटायची धडपड करी आणि तिच्या धडपडीनं झाडाचे केस थरथरत. भोवती बायका जमल्या.

“पान मिटतं का हो?”

“मिटतं तर! आत्ताच मी बघितलं ना डोळ्यांनी.”

“अन् ह्या लोटीत काय असतं?”

“नको बघूस गं, हात ओढेल.”

घटपर्णीत कुणीतरी आधीच सुपारीची खांडं टाकून ठेवली होती. ती तिनं गिळलेली आहेत, यावर एकमत झालं. वनस्पतिशास्त्रातला माझा पहिला वर्ग मी अक्षतांची वाटी धरून बघत होते.

तेवढ्यात समईत तेल घालायचं निमित्त करून मावशी आत आली. समई भरलेलीच होती. तिनं ती सांडेपर्यंत भरली.

“केतू,” ती समईकडे बघत पुटपुटली, “मी जरासा पाक लावला गं.”

“कशाला?”

“झाडाला.”

गौरीहराचा मौनाचा नियम मी इथे मोडला. “मावशी!”

“हळू! चिरोट्यांचा उरला होता वाटीत. उदबत्तीच्या काडीनं एकेका केसावर एकेक थेंब ठेवला. पहाटेची बसले होते. काय दिसत होतं म्हणून सांगू! अगदी तुझ्या फोटोतलं. मग काचेतून नीट दिसेना, म्हणून झाकण काढून ठेवलं.” तिनं समईची वात पुढे सारली. “वाटलं, लोक म्हणतील, पोरीनं काय सुंदर केलंय.”

मे महिना, आंब्याचे दिवस, मांडवभर माशा आणि उघड्यावर पाक. यापुढे दवबिंदूला जिवंत असण्याची गरजच नव्हती.

“मी जाऊन सांगून टाकते,” मावशी म्हणाली. “माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“थांब.”

काय व्हायचं ते मला दिसत होतं. मुलीकडच्यांनी पाहुण्यांना वाळका पाला पाक लावून जिवंत म्हणून दाखवला. गोदूआत्यांना ही गोष्ट आयुष्यभर पुरली असती, आणि माहेरचा विषय निघाला की मिरजेत माझ्या मावशीचं नाव पाकवाली पडलं असतं. आणि न सांगावं, तर झाड माशी खातं हे सिद्धच होतं.

बाहेर निकाल सुरू झाला होता.

“उचला हे!” गोदूआत्या कडाडल्या. “मंगलकार्यात जीवहत्या, आणि तीही लाडवांच्या शेजारी! आमच्या उंबऱ्याच्या आत हे येणार नाही, सांगून ठेवते. आणि याचंच ते शिक्षण ना? ते कोल्हापूरचं खूळही आजपासून बंद. इंदिरा कुठाय? बोलवा तिला. तिच्या तोंडून होऊ दे, म्हणजे मग माझ्या नावानं खडे नकोत.”

इंदिराबाई आल्या. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. हातात गजऱ्यांची परडी होती, ती त्यांनी शेजारच्या बाईकडे दिली. टेबलाशी वाकून त्यांनी आधी माझ्या हातची चिठ्ठी वाचली, ‘दवबिंदू, कीटकभक्षी वनस्पती’. मग माशीकडे पाहिलं. मग एक बोट पुढे करून एका केसावरचा थेंब अलगद टिपला, अंगठ्यावर चोळून पाहिला, आणि बोट सरळ जिभेला लावलं.

“इंदिरे!” गोदूआत्या मागे सरकल्या. “विष असेल ते!”

इंदिराबाईंनी चिरोट्यांच्या चळतीकडे पाहिलं. मग मान वळवून दाराशी तेलाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं. मावशीनं मान खाली घातली. माझ्या वाटीतल्या अक्षता सगळ्या एकदमच अन्नपूर्णेच्या अंगावर सांडल्या.

“वन्सं,” इंदिराबाई म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. खातंय ते.”

“मी काय सांगत होते? उचलायला सांग.”

“उचलायचंच आहे. आपल्याकडे न्यायचंय ना.”

“काय?”

“दुकानात गुळाच्या ढेपांवर माशा बसतात. हाकलायला म्हणून यांच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी दिली, की हे ती उलगडून वाचत बसतात. त्यापेक्षा हे झाड बरं. न बोलता काम करतं.”

मिरजेच्या मंडईजवळ देशिंगकरांचं किराणा दुकान होतं, आणि दत्तोपंत देशिंगकर, म्हणजे माझे सासरे, त्याही क्षणी मांडवात वर्तमानपत्र वाचत होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि हशा उसळला. दत्तोपंतांनी पान उलटलं.

“अहो, लोक मिक्सर देतात, कपाट देतात,” इंदिराबाई बायकांकडे वळल्या. “माशा मारायचं झाड दिलेलं ऐकलंय का कुणी?”

“मग उखाणा घ्या इंदिराकाकू!” एक तरुण सून ओरडली. “रुखवतावर उखाणा झालाच पाहिजे!”

“घ्या, घ्या! उगीच नाही सोडणार!”

इंदिराबाईंनी पदर सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारखे हात मागे बांधून म्हटलं,

“रुखवतात मांडली झाडं, माशा खाती पटापट,
दत्तोपंतांच्या दुकानातली मिटली आता कटकट.”

बायकांनी कार्यालय डोक्यावर घेतलं. लाडवांकडे कुणी बघेना, जो तो दवबिंदूपुढे रांग लावू लागला. गोदूआत्यांनी तेवढ्यातही हशा ओसरायची वाट पाहिली.

“ते ठीक आहे. झाड दुकानात राहील. पण ते कोल्हापूर?”

इंदिराबाई तोंड उघडणार, तोच गुरुजींनी बाहेरून हाक दिली, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” आणि अंतरपाट धरला गेला. अंतरपाटाच्या पलीकडे मुकुंद होता, अलीकडे मी, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मंगलाष्टकांच्या आवाजात कुठेतरी हरवलं.

विहिणींच्या पंगतीत मावशी स्वतः वाढायला उभी राहिली. सगळ्यांना वाढत ती इंदिराबाईंच्या पानाशी आली. इंदिराबाईंनी चिरोट्याचा तुकडा मोडला, खाल्ला, सावकाश.

“विहीणबाई, आणखी एक वाढा,” त्या म्हणाल्या. “पाक फार सुरेख जमलाय तुमचा. सकाळीच कळलं मला.”

पंगतीत बसलेल्या पन्नासेक बायकांना वाटलं, चिरोट्यांचं कौतुक झालं. मावशी मात्र ताट तसंच धरून आत गेली आणि कोठीघरात, तांदळाच्या पोत्यावर बसून, तोंडात पदर कोंबून रडली. मी तिला शोधत गेले तेव्हा ती म्हणाली, “चांगल्या घरी पडलीस गं.” मी म्हटलं, अजून कोल्हापूरचं कळायचंय. ती म्हणाली, “ते तू बघ. माझं काम झालं.”

मिरजेत लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी सामान उलगडायला घेतलं. पाहुणे पांगले होते, गोदूआत्या पांगल्या नव्हत्या. काचेची झाकणं खोक्यातून निघताच त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं.

“माळ्यावर टाका. दुकानात नको. गिऱ्हाईक घाबरायचं.”

“हो, वन्सं,” इंदिराबाई म्हणाल्या आणि दवबिंदू हातात घेऊन मला स्वयंपाकघरात बोलावून गेल्या. दार लोटलं. नळापाशी उभं राहून त्यांनी ओल्या बोळ्यानं एकेका केसावरचा पाक पुसायला घेतला. इतक्या हलक्या हातानं, की आमच्या प्रयोगशाळेत कुणाला जमलं नसतं. दोन मुंग्या आणि ती माशीसुद्धा सोडवली.

“तुम्हांला कळलं होतं, तर तिथे बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“माझ्या रुखवतात साखरेचा राजवाडा होता,” त्या पुसता पुसता म्हणाल्या. “ही एवढी दारं, खिडक्या, हत्ती. भाड्याचा होता. वडिलांची ऐपत नव्हती, आईनं सांगलीहून गुपचूप आणवला होता. वन्संनी त्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नात तोच हत्ती बघितलेला. भर मांडवात म्हणाल्या, सोंड इथेच मोडली होती ना गं याची?” त्या हसल्या. “आई नंतर कधी मिरजेला आली नाही. लेकीकडे. कधीच.”

बाहेर गोदूआत्या कुणालातरी झाडाची गोष्ट सांगत होत्या. एव्हाना माशीची पाकोळी झाली होती.

“तुझी मावशी यायला हवी इकडे,” इंदिराबाई म्हणाल्या. “दिवाळीला बोलाव.”

मावशी आली. पुढे दर दिवाळीला येत राहिली आणि आठवडा आठवडा राहिली. दोघी मिळून चिरोटे करत आणि पाकाचा विषय कधी काढत नसत. आज दोघीही नाहीत. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे आभार आहेत, विद्यापीठाचे आहेत, सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचेही आहेत. भर मांडवात कुणी कुणासाठी खोटं बोललं, त्याचे आभार प्रबंधात मानायची सोय नाही, म्हणून ते इथे मानते आहे. देशिंगकरांच्या गोतावळ्यात मात्र आजही कुणी भेटलं की विचारतं, “अजून खातं का हो तुमचं झाड?” वनस्पतिशास्त्राची विभागप्रमुख असून मी सांगते, “हो, पण आता वय झालं, कमी खातं.”

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दवबिंदू पुसून कोरडा झाला, पुन्हा चहाच्या चोथ्यासारखा दिसू लागला आणि इंदिराबाईंनी तो समोर धरून समाधानानं मान हलवली. मग आम्ही बाहेर आलो. त्यांनी बैठकीच्या खोलीतलं रेडिओच्या डोक्यावरचं कापडी फुलांचं भांडं उचललं, दत्तोपंतांच्या मांडीवर दिलं, आणि त्या जागी दवबिंदू ठेवला.

“इंदिरे, माळ्यावर म्हटलं होतं मी!” गोदूआत्या उठून उभ्या राहिल्या.

“माळ्यावर माशा नसतात, वन्सं. उपाशी राहील.”

“आणि सांभाळणार कोण याला?”

“ही आहे ना. त्यासाठीच तर शिकतेय. अर्धवट शिकलेली सून ठेवली आणि उद्या झाडानं खाणं सोडलं, तर विचारायचं कुणाला? तुम्हांला?”

गोदूआत्या झाडाकडे बघत पुन्हा खाली बसल्या. मुकुंद माझ्याकडे बघत होता. आईकडे न बघता माझ्याकडे बघण्याची ती त्याची पहिलीच वेळ.

इंदिराबाईंनी पदराला हात पुसले.

“सोमवारी कोल्हापूरला पॅसेंजरनं जाणारेस की एसटीनं?” त्यांनी मला विचारलं. “डबा त्या बेतानं करायला.”